पाऊण स्टॉप

स्वरदा पाटसकर चेन्नईत आली ती वेलचेरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या नोकरीसाठी, आणि चार वर्षांनी ती नोकरी सोडून सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे उभी राहिली. जळगावच्या घरी ही गोष्ट अजून नीट पचलेली नव्हती. आई फोनवर विचारायची, "पण तू दिवसभर नेमकं करतेस काय?" स्वरदा सांगायची, "उजेड मोजते." आईला वाटायचं, पोरगी काहीतरी लपवतेय.

पण ते खरंच होतं. ती ज्यांच्या हाताखाली काम करत होती त्या चंद्रिका मॅडम तीस वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे चित्रित करून आता स्वतःचा पहिला सिनेमा करत होत्या, आणि तो त्यांना जुन्या पद्धतीने, फिल्मच्या रिळावरच करायचा होता. डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यात बघून कळतं की चित्र उजळ आलंय की काळवंडलंय. फिल्मचं तसं नाही. रीळ मुंबईच्या लॅबमधून धुऊन येईपर्यंत त्यावर काय उमटलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आधी मोजायचं आणि मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा. स्वरदा हातातला मीटर नटाच्या गालाशी धरायची, आकडा वाचायची आणि लेन्सवरची कडी त्या आकड्यावर आणून ठेवायची. दोन-आठ, म्हणजे दोन पूर्णांक आठ दशांश, मग चार, पाच-सहा, आठ. दर आकड्याला आत जाणारा उजेड निम्मा. या एकेका पायरीला स्टॉप म्हणतात. फोटोच्या जुन्या कॅमेऱ्यात ही कडी टकटक करत खाचेत बसते. सिनेमाच्या लेन्सला खाच नसते, बोट लावलं की कडी सरकते, आणि दोन आकड्यांच्या मधली सगळी जागा मोजणाऱ्याच्या भरवशावर सोडलेली असते.

शूटिंगचा शेवटून दुसरा दिवस होता. जागा तिरुवल्लिकेणीतली एक मॅन्शन, म्हणजे एकट्या पुरुषांनी महिन्याच्या भाड्याने खोल्या घेऊन राहायची चार मजली इमारत. कथेतला म्हातारा तिथे चाळीस वर्षं राहून त्या सकाळी खोली सोडतो. लांब अंधारा कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं, दोरीवर वाळणाऱ्या लुंग्या. मग पुढचा ओटा, ज्याला तिथे तिण्णै म्हणतात. मग दोन पायऱ्या आणि उन्हातला रस्ता. हे सगळं एकाच शॉटमध्ये, न तोडता. म्हातारा चालत पुढे येणार, चंद्रिका मॅडम खांद्यावर कॅमेरा घेऊन त्याच्यासमोर उलट्या चालत बाहेर येणार. शॉट पावणेदोन मिनिटांचा होता, आणि त्यासाठी राखून ठेवलेला रिळाचा एकच डबा उरला होता. त्यात दोन टेक बसत होते, तिसरा बसत नव्हता.

अडचण उजेडाची होती. कॉरिडॉरमध्ये दोन-आठ, ओट्यावर चार, रस्त्यावर पाच-सहाच्याही पुढे. म्हणजे चालता चालता कुणीतरी लेन्सची कडी हळूहळू बंद करत न्यायची, आणि तीही अशी, की बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. ती दुरून फिरवायची मोटर युनिटकडे एकच होती आणि ती नवीन नावाच्या असिस्टंटकडे होती. तो फोकस सांभाळायचा. तेव्हा कडी हाताने फिरवायची, कॅमेऱ्याला चिकटून चालत. ते काम स्वरदाचं.

सकाळी आठलाच तिने तिन्ही जागी मीटर धरून आकडे घेतले आणि लेन्सच्या कडेला पांढऱ्या टेपचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. रस्त्यावर मीटर म्हणत होता पाच-सहा आणि तीन दशांश, म्हणजे पाच-सहाच्या पुढे स्टॉपचे तीन दशांश. ती खूण करत असताना मागून कुणीतरी हलकेच म्हणालं,

"पाच-सहा नि पाव."

स्वरदाने मान वळवली. चहाच्या टपरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, मांडीवर कापडी पिशवी. सकाळी मॅडमनी स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून आणलं होतं आणि खुर्ची दिली होती. जुन्या ओळखीचे कुणी शूटिंग बघायला आलेले असतील, असं समजून स्वरदाने नमस्कार केला होता आणि विसरली होती. त्यांच्या हातात मीटर नव्हता. आणि मुख्य म्हणजे, चेन्नईच्या रस्त्यावर 'पाव' हा शब्द तिने पाच वर्षांत बटाटावड्याच्या संदर्भातसुद्धा ऐकला नव्हता.

"काका, तुम्ही मराठी?"

"आमा, होय. आम्हीं तंजावरचे," ते म्हणाले. त्यांची मराठी जुन्या पत्रातल्यासारखी होती आणि चाल तमिळची. "तीनशें वर्षें झालीं इकडे येऊन. पद्मनाभ राव म्हणतात मला. तुम्ही पुणेंवाले काय?"

"जळगावची. स्वरदा."

"तें अस्की आम्हांला पुणेंच," म्हणून ते हसले.

अस्की म्हणजे सगळं, हे तिला अंदाजाने कळलं. दुसरं कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. "काका, मीटरशिवाय तुम्ही पाव कसा सांगितलात? मीटर तीन दशांश म्हणतोय."

"मीटराला दहा भाग आहेत. ह्या नव्या कॅमेऱ्यांना तीन भाग. आमच्या तोंडाला चार," पद्मनाभकाका म्हणाले. "तिसऱ्या भागाला तुझ्या मराठींत चट म्हणून एक शब्द आहे काय? नाही ना? पाव, अर्धा, पाऊण. तोंडांतून निघाला कीं हात पोचतो. चालत्या शॉटांत लांब शब्दाला वेळ कुठचा?"

तेवढ्यात तिला आतून हाक आली. तिने तीन दशांशाची खूण तशीच ठेवली आणि आत गेली.

म्हाताऱ्याचं काम करणारे गिरीधर सर नाटकातले जुने नट होते, तालमीत एकदाही पाऊल चुकले नव्हते. पहिला टेक सुरू झाला. कॅमेऱ्याची घरघर, गिरीधर सरांच्या चपलांचा आवाज, दोन दारांशी त्यांचं थांबणं. मॅडमच्या कमरेचा पट्टा धरून ग्रिपवाला त्यांना मागे मागे नेत होता. स्वरदा खेकड्यासारखी आडवी चालत होती, डोळे टेपच्या खुणांवर, बोट कडीवर. ओट्यावर चार. पहिली पायरी. दुसरी पायरी. पाच-सहा. आणि तीन दशांश. गिरीधर सरांनी बॅग खाली ठेवली, वर इमारतीकडे पाहिलं, मॅडमनी कट म्हटलं. सगळ्यांनी श्वास सोडला आणि टपरीवाल्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

स्वरदाला वाटलं, जमलं. तिने कपाळाचा घाम पुसला. तेव्हा पद्मनाभकाका खुर्चीवरून उठून सावकाश तिच्यापाशी आले आणि शेजारच्या कुणाला कळणार नाही अशा मराठीत, अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"शेवटीं कितीवर सोडलंस, अम्मा?"

"ठरलेल्यावर. पाच-सहा आणि पाव."

"ढग आला होता. पातळ. पायऱ्या उतरतांना. तेव्हां बाहेर साडेचार होता."

त्यांच्या हिशेबात साडेचार म्हणजे चारच्या पुढे अर्धा स्टॉप. स्वरदाने मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या. साडेचारवरून पाच-सहापर्यंत अर्धा, वर पाव. पाऊण स्टॉप. उन्हात आल्यावर गिरीधर सरांचा चेहरा उजळायच्या ऐवजी मातकट झाला असणार. तिने वर पाहिलं. समुद्राकडून कापसाच्या पिंजलेल्या पुंजक्यांसारखे ढग एकामागून एक सरकत येत होते. ते सकाळपासून येत असतील. तिने एकदाही मान वर केली नव्हती, कारण तिच्याकडे टेप होती.

काकांनी ते कुणालाच सांगितलं नाही. ते परत जाऊन खुर्चीवर बसले आणि पिशवीतून रुमाल काढून चष्मा पुसू लागले. सांगायचं की नाही, हे त्यांनी तिच्यावर सोडलं होतं. तिकडे नवीन पुढच्या शॉटची तयारी विचारत होता. गप्प राहिलं असतं तर तीन आठवडे, म्हणजे रीळ धुऊन येईपर्यंत, कुणालाही काही कळलं नसतं. आणि कळलं असतं तेव्हा लॅबला बोल लावायची सोय होतीच.

स्वरदा मॅडमपाशी गेली. "मॅडम, शेवट पाऊण स्टॉप अंडर आहे. मध्ये ढग आला आणि मी वर बघितलंच नाही. चूक माझी."

चंद्रिका मॅडमनी कॅमेरा खाली ठेवला. "तू बघितलं नाहीस, मग कळलं कसं?"

"सारांनी बघितलं," म्हणत स्वरदाने खुर्चीवरच्या पद्मनाभकाकांकडे हात केला.

नवीन म्हणाला, "पाऊण स्टॉपचं काय एवढं! निगेटिव्ह सहन करते. नंतर उजळून घेता येईल."

"उजळून घेता येईल," मॅडम म्हणाल्या. "पण सावल्यांत जे उमटलंच नाही ते कुठून आणशील? आणि तेही माणूस चालत असताना?" मग त्या खुर्चीकडे वळल्या आणि एकदम त्यांचा आवाज विशीतल्या मुलीसारखा झाला. "सार, नक्की पाऊण?"

"पाऊण," काका तमिळमध्ये म्हणाले. "कदाचित अर्ध्याहून थोडा जास्त. पण पाव नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून सूर्य अजून थोडा वर सरकला की ऊन थेट ओट्यावर पडणार होतं, आणि मग सगळेच आकडे बदलले असते. फार तर वीस मिनिटं हातात होती. आकाश निवळेल म्हणून थांबायला वेळ नव्हता. आणि टेक चालू असताना बाहेरचा उजेड काय करील, हे आधी लिहून ठेवता येणार नव्हतं.

"सार, तुम्हीच कडी धरा ना," मॅडम म्हणाल्या. "पूर्वीसारखी."

पद्मनाभकाकांनी उजवा हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती. "हा हात आतां चहाचा पेलासुद्धां सांडवतो, चंद्रिका. डोळा आहे. हात हिचा घे," असं म्हणून त्यांनी स्वरदाकडे पाहिलं. "मी बाहेर उभा राहतों. मी सांगतों, ही फिरवते."

"पण आवाज रेकॉर्ड होतोय," नवीन म्हणाला. "बोलणार कसं?"

"बोलणं होणा. बोटं आहेत."

नको म्हणायला ते 'होणा' म्हणतात हे स्वरदाला तेव्हा कळलं. काका टपरीच्या पुढे, कॅमेऱ्याच्या पाठीमागे पण तिला तिरक्या नजरेने दिसतील असे उभे राहिले. मूठ छातीशी: आकडा पुरा. एक बोट: वर पाव. दोन: अर्धा. तीन: पाऊण. मूठ जरा उचलून पुन्हा छातीवर टेकवली की पुढचा पुरा आकडा, खाली कमरेशी नेली की मागचा.

स्वरदा इंजिनिअर होती. माणूस कितीही आदरणीय असला तरी मोजल्याशिवाय मान्य करणं तिच्या अंगात नव्हतं. तिने सरळ सांगितलं, "काका, एकदा तपासून बघू?"

"बघायचंच! न बघतां कशी मानशील?" ते खूश होऊन म्हणाले.

ती मीटरचा आकडा त्यांना दिसणार नाही अशी उभी राहिली. ढग सरकला, काकांनी आकाशाकडे नाही तर खाली पाहिलं, टपरीच्या कळकट पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या दुधाच्या क्रेटच्या सावलीकडे. चारपासून मोजायचं ठरलं होतं. दोन बोटं. मीटर: चार आणि पाच दशांश. ढग निघून गेला. मूठ उचलून टेकवली, एक बोट. मीटर: पाच-सहा आणि तीन दशांश. मग एक दाट पुंजका आला. मूठ दोनदा खाली, तीन बोटं. मीटर: दोन-आठ आणि आठ दशांश. चौथ्या वेळी त्यांनी मूठ उचलून टेकवली, तीन बोटं दाखवली आणि मीटरवर चार आणि पाच दशांश आले. तिने काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "चुकलों. टेंपोचा टपावरचा पत्रा चमकला मधें. अर्धाच होता." आणि मान हलवून स्वतःवरच थोडे रागावले.

त्या चुकीनेच स्वरदाचा विश्वास बसला. आपण चुकलो हे तिच्याआधी ज्याला कळलं, त्याच्या बोटांवर कडी फिरवायला तिची हरकत नव्हती. तिने लेन्सवरची टेप सोलून काढली.

दुसरा टेक. कॉरिडॉरमध्ये दोन-आठ, तिथे काही प्रश्न नव्हता. पहिलं दार, गिरीधर सर थांबले. दुसरं दार. स्वरदाचं बोट कडीवर आणि डोळे आता बाहेर, उजेडाच्या चौकटीत उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या शर्टावर. ओट्याच्या चार हात आधी मूठ छातीशी आली: चार. तिने सरकवायला सुरुवात केली, दोन श्वासांत चारवर आणली. ओटा. दोन बोटं. अर्धा. ग्रिपवाल्याने मॅडमना पहिल्या पायरीवर उतरवलं आणि स्वरदाला रस्त्यावरचं ऊन एकदम मंद होताना पाठीवर जाणवलं. तिचं बोट आपोआप उलट फिरायला निघालं, तोच काकांनी दुसरा हात किंचित हलवला. थांब. त्यांची नजर भिंतीवरच होती. दोन बोटं तशीच. मग तीन. ढगाची कड पातळ होत होती. ते तिला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं. दुसरी पायरी. मूठ उचलली, टेकवली. पाच-सहा. गिरीधर सरांनी बॅग खाली ठेवली. एक बोट वर आलं, अगदी सावकाश, जणू तेही कडीसारखं फिरत होतं, आणि स्वरदाने त्याच चालीने पाव स्टॉप बंद केला. गिरीधर सर वर पाहत होते. त्यांच्या शर्टाच्या बाहीचं बटण सुटलं होतं, ते त्यांनी लावायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. तालमीत हे नव्हतं. कट.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅमेऱ्यात तिसऱ्या टेकपुरती फिल्म आता उरली नव्हती. चंद्रिका मॅडम कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन थेट रस्त्यावर गेल्या आणि सगळ्यांसमोर वाकून पद्मनाभकाकांच्या पायांना हात लावला.

संध्याकाळी सामान आवरून झाल्यावर स्वरदा दोन गल्ल्या पलीकडे काकांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी गोदाबाई दारातच म्हणाल्या, "तीच ना तूं, जिने आमच्यांची परीक्षा घेतली?" आणि आत नेऊन डोसे वाढले. त्या चिडलेल्या नव्हत्या, उलट खूश दिसत होत्या. काकांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, चौथ्या वेळची चूकसुद्धा.

"काका, हे शिकलात कसं?"

"चुकून," काका म्हणाले. त्र्याऐंशी साली ते नवे असिस्टंट होते. एका मोठ्या दृश्याच्या दिवशी त्यांनी मीटरवर फिल्मचा वेग, म्हणजे तिला किती उजेड लागतो तो आकडा, चुकीचा लावला आणि दिवसभराचं सगळं काम एक स्टॉप काळं निघालं. त्यांच्या कॅमेरामनने निर्मात्याला सांगितलं, चूक माझी आहे. एवढंच. पद्मनाभला एक शब्द बोलले नाहीत. "बोलले असते तर बरं होतं," काका म्हणाले. "त्या दिवशीं ठरवलं, मीटर खोटा बोलला तर मला कळलं पाहिजे."

गोदाबाईंनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. आत शाळेच्या वह्यांची चळत होती. प्रत्येक पानावर तीन रकाने: तारीख आणि जागा, अंदाज, मीटर. त्र्याऐंशीपासून. आधी अंदाज लिहायचा, मगच मीटर पिशवीतून काढायचा. स्वरदाने एक जुनी वही उघडली. फरक एक स्टॉप, दीड स्टॉप. दहा वर्षांनंतरच्या वहीत अर्धा. वीस वर्षांनंतरच्या वहीत पाव, कित्येक पानं नुसतं पाव. काम सुटून अकरा वर्षं झाली होती, तरी ताज्या वहीत कालची तारीख होती. मरीना, कण्णगी पुतळ्याजवळ, सकाळी सात.

"रोज? अजून?" स्वरदाच्या तोंडून निघून गेलं. "कशासाठी?"

काकांना प्रश्नच नीट कळला नाही. "उजेड रोज असतो ना," ते म्हणाले.

उत्तर गोदाबाईंनी दिलं. "चार वर्षांमागें ह्यांच्या वहींत अस्की फरक एकाच बाजूला यायला लागले. रोज अर्धा कमी, अर्धा कमी. मी म्हटलें, मीटर बिघडला. हे म्हणाले, मीटर नाही, मी बिघडलों. वही घेऊन डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू! डॉक्टर म्हणाले, तुम्हांला वाचायला त्रास होत नाही, गाडी दिसते, मग कळलं कसं? ह्यांनीं वही पुढे केली. डॉक्टरांनीं फोटो काढून ठेवला त्या पानांचा."

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"सगळं उलटं," काका हसले. "एका डोळ्याला पुरा स्टॉप जास्त दिसायला लागला. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून शिकलों."

स्वरदाने ती पानं काढून बघितली. ऑपरेशननंतरचे सहा महिने तिथे होते, एकही दिवस न गाळता; अडुसष्टाव्या वर्षी, कुणीही काम देणार नसताना, एक माणूस एका स्टॉपच्या फरकावरून पुन्हा पावापर्यंत आला होता. कंपनीत असताना तिने अचूकपणावर कितीतरी सादरीकरणं ऐकली होती. त्यांतलं एकही तिला आता आठवेना. डोसा गार होत होता आणि गोदाबाई दुसरा घेऊन मागे उभ्या होत्या.

तीन आठवड्यांनी मुंबईहून धुतलेल्या रिळाचं स्कॅन आलं. चंद्रिका मॅडमची एडिटिंगची खोली वेलचेरीत एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर होती. काका आणि गोदाबाई तिरुवल्लिकेणी स्टेशनवरून गाडीत बसून थेट आले, गोदाबाईंच्या हातात मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा. खोलीत पाचच माणसं. मॅडमनी पडदे ओढले.

आधी पहिला टेक. कॉरिडॉर सुरेख, ओटा सुरेख, आणि पायऱ्यांवर गिरीधर सरांच्या डोळ्यांखाली राखाडी डाग धरल्यासारखी सावली.

मग दुसरा. म्हातारा अंधारातून आला, दोन दारांशी थांबला, ओट्यावर आला, उतरला, उन्हात उभा राहिला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती जागच्या जागी. बॅग ठेवली. बटण लावायला घेतलं आणि सोडून दिलं. स्वरदा पूर्ण वेळ आपली चूक शोधत होती आणि शेवटी तिला कळलं की अर्ध्यापासून पुढे ती शोधायचं विसरूनच गेली होती.

दिवा लागला तेव्हा गोदाबाई पदराने डोळे पुसत होत्या. "त्या बटणाला कुणीतरी हात लावायला हवा होता," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षें राहिला, आणि बटण लावायला एक माणूस नाही."

मॅडमनी विचारलं, "अम्मा, उजेड कसा वाटला?"

"उजेड?" गोदाबाईंना आठवावं लागलं. "घरांतून बाहेर आला, ऊन लागलं. त्यांत काय?"

पद्मनाभकाका एवढे मनापासून हसले की त्यांना ठसका लागला. चाळीस वर्षांत, ते म्हणाले, याहून मोठं सर्टिफिकेट त्यांना कुणी दिलं नव्हतं. मग त्यांनी शॉट पुन्हा लावायला सांगितला, आणि आणखी एकदा, खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढून.

"ओट्यावर पाव उशीर आहे," ते शेवटी म्हणाले.

"माझ्याकडून?" स्वरदाने विचारलं.

"बोट माझंच उशिरां आलं. तुझं बरोबर आहे." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "तूं पहिल्या टेकनंतर बोललीस, म्हणून दुसरा झाला. मी बोललों नसतों."

स्वरदाने मुरुक्कूचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

मॅडमनी संगणकावर सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या नावांची यादी उघडली. "सार, तुमचं नाव घालायचंय. काय लिहू? सल्लागार?"

"सल्ला कुठचा दिला मी? बोटं दाखवली." काकांनी विचार केला. नावांच्या यादीत ते आजवर नेहमी शेवटून चौथे-पाचवे असत, आणि दोनदा तर राहूनच गेले होते. "एक्स्पोजर, असं लिहा. आणि दोघांचीं नावें, एका ओळींत. पहिलं हिचं."

"पहिलं तुमचं," स्वरदा म्हणाली.

"अक्षरानुक्रमे लावते," म्हणत मॅडमनी वाद मिटवला आणि तमिळमध्ये टाइप केलं. काकांचं नाव आपोआप आधी आलं. नवीन हसायला लागला.

गोदाबाई चष्मा लावून पडद्यापाशी गेल्या आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "राव लिहितांना एक काना राहिला," त्या म्हणाल्या. "घाला तो. मागच्या वेळींही असाच राहिला होता."